शेवटची गाडी, पांढरी

आयडाहोतल्या त्या दरीच्या रस्त्यावर दरड काढायचं काम चालू होतं, म्हणून एकच बाजू उघडी होती. खालच्या टोकाला लाइल टिबेट्स उभा, वरच्या टोकाला रोंडा. दोघांच्या हातात दांडीचा फलक; एका बाजूला ‘थांबा’, दुसऱ्या बाजूला ‘हळू’. मधे लांब वळण, त्यामुळे एकमेकांना दिसायचे नाहीत. नियम असा, की सोडलेल्या रांगेतली शेवटची गाडी कोणती ते वायरलेसवर सांगायचं. ती बाहेर पडली की मगच समोरच्यानं आपली रांग सोडायची.

नऊ वर्षं अशा प्रत्येक कामावर दुसऱ्या टोकाला लाइलची बायको नॅडीन असायची. ती नुसता रंग कधी सांगायची नाही. "निळी फोर्ड, मागे कुत्रं बसलंय, तुझ्यासारखंच जांभया देतंय. घे रे म्हाताऱ्या." मग लाइलही काहीतरी जोडायचा.

मार्चमध्ये ती गेली. जूनमध्ये तो कामावर परतला, तेव्हापासून रंग आणि गाडी, एवढंच सांगायचा. बाकीचं बोलणं तिच्याशी होतं. ते दुसऱ्या कुणाशी करणं त्याला बरं वाटेना.

त्या सकाळी त्यानं अकरा गाड्या सोडल्या. "शेवटची, पांढरी पिकअप."

"पांढरी पिकअप. कळलं."

थोड्या वेळानं वायरलेस खरखरला. "आली पांढरी. सोडते माझी रांग. सगळ्यात पुढे लाकडांचा ट्रक आहे."

लाइलनं घड्याळाकडे पाहिलं. शेवटची गाडी इतक्यात पोचणं शक्यच नव्हतं. तिच्यावर गवताचे भारे होते, ती रखडत गेली होती. आणि तिच्या पुढची, दहावीही, पांढरी पिकअपच होती.

"रोंडा, थांबव! अजून एक आत आहे!"

त्यानं पुन्हा बटण दाबून तेच सांगितलं. वळणावर दरीच्या बाजूला कठडा नव्हता. त्याच्यापुढे गाड्या जमत होत्या, जागा सोडून पळताही येत नव्हतं. ‘थांबा’ धरून तो उभा राहिला.

"थांबवला," रोंडाचा आवाज आला. तिला धाप लागली होती. "गवतवाली आत्ता बाहेर आली. अरे बाबा, या गावात पांढरी पिकअप कुणाकडे नाही?"

"चूक माझी."

"तुझीच. साहेबाला कोण सांगणार?"

"मीच सांगतो."

जेवणाच्या सुट्टीत त्यानं सांगितलं. साहेबानं लिहून घेतलं. म्हणाला, "पुन्हा झालं तर तुझं फलक धरायच्या परवान्याचं कार्ड जाईल, लाइल."

दुपारच्या पहिल्या रांगेत शेवटची गाडी पुन्हा पांढरी पिकअपच निघाली. लाइलनं आत कोण बसलंय ते पाहिलं आणि बटण दाबलं.

"शेवटची, पांढरी पिकअप. म्हातारी चालवतेय, लाल टोपी. दहा मिनिटं थांबवलं म्हणून माझ्यावर तोंड फुगवून बसलीय."

पलीकडे रोंडा हसली. चार मिनिटं गेली.

"आली लाल टोपी. तोंड अजून फुगलेलंच आहे. सोडू माझी?"

"सोड," लाइल म्हणाला.