गफूर मिस्त्रीचा परसों

हे कुणाला खरं वाटणार नाही, आधीच सांगून ठेवतो. या हैद्राबादेत थापाडे इतके माजलेत की माझ्यासारख्या खऱ्या माणसाची पंचाईत होते. तर, जामबागेतल्या आमच्या घराचं छत दुरुस्तीला उघडलं, त्या वर्षी मी आणि माझी बायको भामा हुसेनसागरात शिडाच्या नावेत राहिलो. सात महिने.

"आजोबा, बोटीवर? सीरियसली?" नात योगिनी म्हणाली. तिला मराठी वाचताना घाम फुटतो, पण शंका अस्खलित येतात.

हो, बोटीवर. दुसरी सोय सिकंदराबादला मेव्हण्याकडे होती. एकनाथरावांच्या घरी पाहुण्याने चहा किती आवाजात प्यावा, यालाही नियम आहे. त्यापेक्षा तळं बरं.

भामाला पोहता येत नव्हतं. नावेत पाऊल ठेवता ठेवता तिने विचारलं, "अहो, ही बुडणार नाही ना?"

"मी असताना?"

"तुम्ही असताना, म्हणूनच विचारतेय."

नावेतला संसार म्हणजे पाण्याशी रोजचं भांडण. सकाळी उठून तळाची फळी उचलायची आणि झिरपलेलं पाणी लोट्याने उपसायचं. शीड उन्हात पसरायचं, नाही तर बुरशी धरते. बुडाला चिकटलेलं शेवाळ करवंटीने खरवडायचं. स्टोव्ह साखळ्यांनी टांगलेला. नाव कितीही कलली तरी वरण सरळच राही. पण खरी काळजी सांध्यांची. लाकडी नावेच्या दोन फळ्यांमध्ये कापूस ठोकून वर राळ भरलेली असते. तो कापूस कुजला की नाव गेली.

म्हणून पहिल्याच दिवशी मी काठावरच्या गफूर मिस्त्रीला विचारलं होतं, कापूस कधी भरला?

"परसोंइच ठोका साब. फिकर नक्को."

आता हैद्राबादचा परसों काय असतो ते पोरंसोरंही जाणतात. तो दोन दिवसांपूर्वीचा असतो, गेल्या दिवाळीचा असतो, नाही तर मिस्त्रीच्या लग्नाआधीचाही असतो. मी स्वतः जन्मभर तसाच बोलत आलो. पण त्या दिवशी कसं कोण जाणे, मिस्त्रीचा दखनी परसों मी मराठी कानाने ऐकला. परवा! मग काय, बेगम बाजारातून कापूस आणि राळ आणायची होती, ती राहू दिली.

पुढे एका मंगळवारी, सकाळी अकराचा सुमार. आम्ही तळ्यातल्या बुद्धाच्या पुतळ्याच्या पलीकडे होतो. वारा असा सुटला होता की लाँचवाल्यांनी फेऱ्या बंद केलेल्या. भामा वांगी चिरत बसली होती. मी सहज फळी उचलली. तासाभरापूर्वी कोरडं केलेलं तळ काठोकाठ भरलं होतं.

मी आवाज न करता उपसू लागलो. एक लोटा बाहेर, दीड लोटा आत.

"काय करताय खाली?"

"साफसफाई."

"तुम्ही?"

पाणी फळीवर आलं. मी पाय पसरून ते अडवायला बघत होतो, तेवढ्यात माझ्या मांडीखालून एक वांगं तरंगत भामाकडे निघालं. तिने त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"सांधा सुटलाय," मी म्हणालो. "गफूर म्हणाला होता, परसोंइच भरलाय."

"परसों म्हणाला, आणि तुम्ही कापूस आणला नाही? इथेच जन्मलात ना तुम्ही?"

"फोन करायचा ना कोणाला!" योगिनी मध्येच ओरडली.

कुठला फोन? तो आदल्या दिवशी पाण्यात पडलेला, तांदळाच्या डब्यात वाळत होता.

भामाने पदर खोचला. आपल्या जुन्या साडीची पट्टी टरकन फाडली आणि फटीत कोंबून बत्त्याने ठोकू लागली. घाव नेमके बसत होते. मी सुकाणू काठाकडे वळवलं. काठ पाचशे हात. मग चारशे. पाणी तिच्या पोटऱ्यांपर्यंत आलं. तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर माझ्या हातून सुकाणू सुटलं असतं.

तीनशे हातांवर खालून दणका बसला. नाव खडकावर चढून अडकली.

मी वल्ह्याने रेटलं, हलेना. खडकाच्या दोन्ही बाजूंना वल्हं टेकत नव्हतं, इतकं खोल. वाऱ्याने डोलकाठी कलत होती, प्रत्येक झोताला वीतभर जास्त. शीड उतरवायला गेलो तर दोर कप्पीत अडकलेला. विळीने कापला. शीड कोसळलं, तरी कलणं थांबेना. बाजूला घसरलो तर सरळ तळाशी. जागच्या जागी राहिलो तर आडवे.

पाणी गुडघ्याच्या वर गेलं. भामाने बत्ता खाली ठेवला. पट्टी संपली होती.

"अहो," ती म्हणाली. बस, एवढंच. माझा दंड दोन्ही हातांनी धरला.

योगिनीने मोबाइल उलटा ठेवला होता. "मग?"

मग मी भामाला डोलकाठीशी बांधलं आणि तिला म्हणालो, घाबरू नकोस, हिशेबाने पाहिलं तर अजून दहा मिनिटं तग धरायचा आहे. ती दहा मिनिटं आम्ही कशी काढली ते आम्हालाच ठाऊक. फळ्या कण्हत होत्या. स्टोव्ह साखळ्यांसकट पाण्यात गेला. डोलकाठी इतकी कलली की भामाचे केस पाण्याला टेकले. आणि बरोबर बारा वाजून दहा मिनिटांनी खालून पाणी फुगायला लागलं. भरती आली! अख्खी नाव अलगद खडकावरून वर उचलली गेली, आणि लाटेने आम्हाला थेट...

"आजोबा, एक मिनिट. भरती? ती समुद्राला येते. हुसेनसागर तलाव आहे, तलाव!"