एकोणतीस इंच आणि दाजींचे पाय

चाक हा मानवी संस्कृतीचा पाया आहे, आणि पाया एकदा घातला की त्याची मापं बदलायची नसतात. हे तत्त्व आमचे दाजी सव्वीस इंची डोंगर-सायकलवर बसून कितीतरी वर्षं सांगत आले. मग शेजारच्या दाताच्या डॉक्टरांनी एकोणतीस इंची घेतली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मिस्टर. वजनमापे खात्यात निरीक्षक. त्यांना चहा देताना लोक साखर अंदाजाने घालत नाहीत. दर रविवारी सकाळी दाजी, ताई आणि डॉक्टर असे तिघं जुन्या दगडखाणीच्या टेकडीवर सायकलने चढतात. मी पायथ्याशी गाडीत पेपर वाचत बसतो. कुणी पडलंच तर उचलून न्यायला घरचं माणूस असावं, एवढीच माझी पात्रता.

टेकडीच्या माथ्यावर एक बाक आहे. जो पहिला पोचतो तो बाकावर टेकतो आणि बाकीच्यांना धापा टाकत येताना बघतो. हे सुख वर्षानुवर्षं दाजींच्या नावावर होतं. डॉक्टरांची मोठी चाकं आली आणि बाक डॉक्टरांकडे गेला. दाजींनी तेही सोसलं. पण पुढे ताईसुद्धा त्यांच्या आधी पोचायला लागली, आणि ताईची सायकल तर सव्वीस इंचीच.

“अहो, दमलात का?” एकदा तिने वरूनच विचारलं.

“दमतोय कशाला? मागे राहून निरीक्षण करत होतो.”

“काय दिसलं?”

“तू वजनाने हलकी आहेस.”

ताईने हे कौतुक समजून ठेवून घेतलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की माणूस मिळेल ते घेतो.

डॉक्टरांना मात्र गप्प बसवत नव्हतं. “मोठं चाक दगडावरून सरळ निघून जातं हो. लहान चाक प्रत्येक दगडाची परवानगी मागत बसतं.”

“आणि वळणावर? बस वळवल्यासारखं होतं.”

“वळायचंय कुणाला? आपल्याला वर जायचंय.”

“नव्याचे नऊ दिवस, डॉक्टर. आधी सव्वीस, मग साडेसत्तावीस, आता एकोणतीस. उद्या बत्तीस काढतील आणि तुम्ही दात कोरून पैसे जमवाल.”

“दुसऱ्यांचे कोरतो, म्हणून तर जमतात.”

दाजी हसले नाहीत. त्या दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी मला गॅलरीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

“मेहुणे, शक्यता दोनच आहेत. एक तर चाक लहान पडतंय, नाहीतर पाय संपलेत. चाक असेल तर बदलता येईल. पाय असतील तर सायकल विकायची आणि तुमच्या शेजारी गाडीत बसून पेपर वाचायचा.”

“दाजी, माझ्याकडे पेपर एकच असतो.”

“आतली पानं द्या मला,” ते म्हणाले. त्यांनी याचा बराच विचार केलेला दिसला.

त्यांचे हात कठड्यावर होते आणि नजर खालच्या रस्त्यावर. या माणसाला एकोणतीस इंचाचं वेड लागलं नव्हतं. त्याला म्हातारपणाचा निकाल हवा होता, आणि तो शक्यतो आपल्या बाजूने.

चाचणी ठरली. पुढच्या रविवारी दाजी डॉक्टरांच्या सायकलवर आणि डॉक्टर दाजींच्या. दाजींनी ती सरकारी गांभीर्याने घेतली. चारही टायरमधली हवा स्वतःच्या मापकाने मोजली. दोन्ही सीटची उंची टेप लावून बघितली. पाण्याच्या बाटल्या एकाच रेषेपर्यंत भरल्या. डॉक्टरांनी घरून काय खाल्लं त्याची चौकशी केली आणि तेवढंच खाल्लं. डॉक्टरांच्या खिशातला किल्ल्यांचा जुडगाही माझ्याकडे जमा झाला.

त्या दिवशी कुतूहलापोटी मीही चालत वर गेलो होतो, तिघांच्या बराच आधी निघून. दाजी पहिले आले. नुसते आले नाहीत, येऊन, बाकावर बसून, रुमालाने मान पुसून, बाटली अर्धी संपवून मोकळे झाले. डॉक्टर शेवटी आले, सायकल हाताने ढकलत.

“माफ करा दाजी,” ते म्हणाले, “पण सव्वीस इंच म्हणजे सक्तमजुरी आहे. चिखलातून चालवल्यासारखं वाटतं. तुम्ही एवढी वर्षं हे ओढत होतात?”

दाजींचा चेहरा असा खुलला की डॉक्टरांनाही बरं वाटलं. पाय शाबूत होते. दोष चाकाचा होता, आणि तो एका तज्ज्ञाने स्वतःच्या मांड्यांनी सिद्ध केला होता. ताई तिच्या सव्वीस इंचीवर दोघांच्या मधोमध पोचली, पण ती चाचणीत नसल्यामुळे तिची दखल घेण्यात आली नाही.

मोठं चाक जुन्या सांगाड्यात मावत नाही, त्यामुळे चाक बदलायचं म्हणजे सायकलच बदलायची. दाजींनी ती बदलली. बाक परत मिळाला, एक रविवार आड डॉक्टरांशी वाटून का होईना. दाजींची चाल सुधारली. ते जिने चढायला लागले. दुकानांत तराजू तपासताना गिऱ्हाइकांना चाकाचा व्यास समजावू लागले. “जुन्याला धरून बसणं हा आळस असतो,” असं ते मलाही म्हणाले, पूर्वी कधी काही वेगळं म्हटलंच नव्हतं अशा सुरात. खरं सांगायचं तर मलाही पटलं होतं. मी गाडीत बसून दोघातिघांना हा सल्ला दिलासुद्धा.

जुनी सायकल विकायला दाजींचं मन होईना. ती पॅसेजमध्ये चपलांच्या कपाटावर टांगायची ठरली. खिळे मी ठोकले, सायकल ताईने आणि मी उचलली. टांगून झाल्यावर ताईने सहज मागच्या चाकाला हात मारला. कुणीतरी चप्पल फरपटत चालावं तसा आवाज आला आणि एक फेरी पुरी व्हायच्या आत चाक थांबलं.

तिने पुन्हा मारला. पुन्हा थांबलं.

“अहो,” तिने हाक मारली, “हे फिरत नाहीये.”

दाजी आत फोनवर कुणाला तरी मोठ्या चाकाचे फायदे सांगत होते. त्यांनी फोनवर हात ठेवला. “सव्वीस इंच आहे ना ते,” ते म्हणाले आणि पुन्हा बोलू लागले.

ताई टाचा उंचावून बघत राहिली. मागच्या ब्रेकचं डावं रबर रिमला घट्ट चिकटून बसलं होतं. डॉक्टरांची नवी सायकल आली त्याच आठवड्यात दाजींनी ते स्वतःच्या हाताने बदललं होतं.