खिशातला कांदा

कारभारींनी क्रेटमधला एक कांदा उचलला, देठापाशी अंगठ्याने दाबला आणि काढून घेतला. चांगल्या मालात सडका दिसला की तो काढायचा. निफाडकडे हे काम हात परस्पर उरकतात, डोक्याला विचारत नाहीत. टाकायला ते कचऱ्याच्या डब्यांपाशी गेलेसुद्धा. डबे तीन होते, तीन रंगांचे. नव्या उद्योगांना जागा देणारं नाशिकचं सरकारी इन्क्युबेशन केंद्र. चुकीच्या डब्यात पडला आणि पोरीचं नाव खराब झालं तर? कांदा सदऱ्याच्या खिशात गेला.

टेबलामागे त्यांची लेक तेजल यंत्राच्या वायरी तपासत होती. साठवणीच्या चाळीत कांदा सडू लागला की वास पकडून वाजणारं यंत्र. त्यासाठी केंद्रानं सहा महिने जागा दिली होती, ती आज संपत होती. आणखी सहा महिने द्यायचे की नाहीत, हे ठरवत समिती एकेक टेबल करत येत होती.

"आबा, घाबरू नका. क्रेटमध्ये एक सडका मुद्दाम ठेवलाय. यंत्र वर धरलं की वाजणार."

कारभारींनी खिशाकडे पाहिलं.

"मुद्दाम?"

"आठ दिवस ओल्या फडक्यात ठेवलाय खास."

ते काही बोलणार, तोच केंद्राच्या उज्ज्वला मॅडम आल्या.

"पालकांनी पिवळ्या पट्टीच्या मागे, प्लीज."

पट्टी चार पावलांवर होती. कारभारी तिच्यामागे उभे राहिले, खिशावर हात दाबून. शेजारच्या टेबलावर समितीच्या मुख्य साहेबांनी सुयश नावाच्या मुलाला एकच प्रश्न विचारला. सुयशनं लॅपटॉप मिटला.

मग साहेब तेजलपुढे आले. तिनं क्रेटवर यंत्र धरलं. काहीच झालं नाही. तिनं दुसरीकडे धरलं. मग हात घालून कांदे वरखाली केले. सगळे ठणठणीत. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मुकं आहे का हे?" साहेबांनी विचारलं.

कारभारींनी पट्टी ओलांडली. टेबलापाशी पोचायच्या आत यंत्र असं केकाटलं की समितीतल्या एका बाईंच्या हातून फाईल पडली.

"हे तर माणसावर वाजतंय!" साहेब म्हणाले.

कारभारींनी खिशातला कांदा काढून टेबलावर ठेवला.

"माझी चूक हाय साहेब. सवयीनं काढला."

साहेबांनी चष्मा उतरवला.

"म्हणजे यंत्राच्या आधी तुमच्या हाताला कळलं. मग यंत्र कशाला हवं?"

तेजलकडे बघायची कारभारींची छाती झाली नाही. ते कांद्याकडेच बघत राहिले.

"वरचा कळला, साहेब. चाळीत अडीचशे क्विंटल असतो. तळाला हात पोचत नाय. तिथला कळतो तवर पाणी सुटलेलं असतं."

साहेबांनी लिहायला घेतलं. बराच वेळ लिहिलं. पेनाचं टोपण लावलं, निघाले आणि वळून तेजलला म्हणाले,

"पुढच्या वेळी वडिलांना बाहेर बसवा."

कारभारी खुर्चीवर टेकले. यंत्र बोंबलतच होतं.

"माझ्यापायी जागा गेली बघ, पोरी."

तेजलनं यंत्र बंद केलं नाही.

"आबा, साहेब काय म्हणाले?"

"मला भाईर बसवा म्हणाले."

"त्याच्या आधीचे दोन शब्द?"