आकडा चांगला होता

मी मॉनिटर बोलतोय. वर्गात दंगा करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो, तो मॉनिटर नव्हे. ऑपरेशन झालेल्या माणसाला नीट शुद्ध येईपर्यंत ज्या खोलीत ठेवतात, तिथे तिसऱ्या खाटेच्या उशाशी भिंतीवर टांगलेला मी एक पडदा आहे. माझ्यातून एक वायर निघते आणि तिच्या टोकाला चिमटा असतो. तो पेशंटच्या बोटाला लावला की रक्तात ऑक्सिजन किती आणि नाडी किती, हे मी मोठ्या आकड्यांत सांगतो. काही बिघडलं तर वाजतो.

माझा जन्म कारखान्यातला. तिथल्या तपासणीच्या टेबलावर एका बाईंनी चिमटा स्वतःच्या बोटाला लावला, मग काढला, आणि मी असा काही ठणाणा केला की त्या कानांवर हात ठेवून म्हणाल्या, "हा चांगला आहे, पाठवा याला." आपण बोंब मारली की माणसं धावत येतात, अशी माझी तेव्हाच समजूत झाली.

इथे आल्यावर ती फार दिवस टिकली नाही. पेशंटनं कूस बदलली, चिमटा घसरला, मी वाजलो. कोणाचे हात गार पडले, कोणी खोकलं, मी वाजलो. सिस्टर यायची, माझ्या कोपऱ्यातलं बटण दाबून मला गप्प करायची आणि म्हणायची, "याचं आपलं सारखं काहीतरी." त्या बटणावरचं चित्र केव्हाच पुसलं गेलं. मला राग यायचा, पण तिचं तरी काय चुकत होतं? चार खाटा, ती एकटी, आणि आम्ही चारही मॉनिटर एकदम सुरू झालो की खोलीत बाजार भरायचा.

माझा तोरा मात्र कायम होता. कारण खोलीत शिरणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे बघायचा. डॉक्टर यायचे, मान वर करायचे, "छान" म्हणायचे आणि जायचे. खाटेवरच्या माणसाला वाटायचं, छान आपल्याला म्हणाले.

एक डॉक्टर तर यायचेही नाहीत. वॉर्ड आणि ही खोली दोन्ही त्यांच्याच गळ्यात, त्यामुळे ते सदानकदा दुसरीकडे कुठेतरी अडकलेले. सिस्टर फोन करायची, ते आकडा विचारायचे, ती सांगायची, झालं काम. सगळे त्यांना फोनवाले डॉक्टर म्हणायचे. ते ऐकून ते स्वतःही हसायचे.

एका दुपारी माझ्या खाटेवर शाळेत गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या. गळ्यात थायरॉइडची गाठ होती, म्हणून सर्जन मॅडमनी त्या बाजूची अर्धी ग्रंथी काढली होती. ऑपरेशन सुरेख झालं होतं. गळ्यावर पांढरीशुभ्र पट्टी, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोटाला माझा चिमटा. बाहेर त्यांचे यजमान दाराच्या काचेला नाक लावून उभे होते. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. नखांत निळा रंग तसाच होता. आत यायची परवानगी नव्हती.

"सिस्टर," बाई म्हणाल्या, "गळा आवळल्यासारखा होतोय."

"होतं तसं. घशात नळी होती ना तुमच्या. फार बोलू नका हं."

बाई गप्प राहिल्या. पण त्यांची नाडी गप्प नव्हती. ती चढायला लागली तसा मी वाजलो. सिस्टर पहिल्या खाटेपाशी होती. ती आली, तिनं ऑक्सिजनचा आकडा पाहिला, बटण दाबलं आणि परत गेली. मी पुन्हा वाजलो. पुन्हा बटण. तेवढ्यात बाईंनी मास्क ओढून काढला आणि त्या उठून बसायला लागल्या.

"अहो बाई, मास्क नाही काढायचा! आडव्या व्हा बघू," म्हणत सिस्टरनं तो परत चढवला.

बाई काहीतरी बोलल्या. सकाळी ऑपरेशनला जाताना याच बाईंनी दारात सिस्टरला स्वतःचं नाव-वय खणखणीत आवाजात सांगितलं होतं. आता तो आवाज जाड आणि घोगरा झाला होता. सिस्टर थबकली. तिनं भिंतीवरचा फोन उचलला.

"डॉक्टर, तीन नंबरच्या बाई फार अस्वस्थ आहेत. नाडी वाढलीये."

"सॅच्युरेशन किती?"

सिस्टरनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "सत्त्याण्णव."

"मग झालं तर! घाबरल्या असतील. दुखण्याचं इंजेक्शन द्या, हातातलं काम उरकून येतोच."

मी खोटं बोललो नव्हतो. ऑक्सिजनचा आकडा सत्त्याण्णवच होता. पण मास्कमधून ऑक्सिजन भरभरून मिळत असला की माझा आकडा बराच वेळ वर राहतो. पट्टीच्या आत एक बारीकशी शीर वाहायला लागली होती, रक्त आतल्या आत साठत होतं आणि श्वासाची वाट बाहेरून दाबली जात होती. ती अगदी बंद पडायला आली की मगच माझा आकडा कोसळतो, आणि तेव्हा हाताशी फार थोडा वेळ उरलेला असतो. हे मला त्या दिवशी कळलं. डॉक्टरांना ते पुस्तकातून ठाऊक होतं. तरीही त्यांनी मलाच विचारलं, तेही फोनवरून.

सिस्टर इंजेक्शन भरायला वळली आणि भरता भरता थांबली. तिनं पुन्हा फोन लावला.

"डॉक्टर, मला काही ठीक वाटत नाहीये."

"आता किती आहे?"

"शहाण्णव."

"सिस्टर, चांगलंय की मग!"

या वेळी मात्र सिस्टरनं माझ्याकडे पाठ केली आणि बाईंकडे पाहिलं. दोन्ही हात गादीवर रोवून त्या पुढे झुकल्या होत्या. हनुवटी वर, डोळे विस्फारलेले, आणि आत जाणाऱ्या प्रत्येक श्वासाला शिट्टीसारखा आवाज. सिस्टरच्या हातून फोन सुटला आणि तारेला लोंबकळत राहिला. तिनं बाईंच्या गळ्यावरची पट्टी टरकन ओढली. खाली गळा पुढे फुगून आला होता. कातडी ताणून चकचकीत झाली होती.

"डॉक्टर! गळा सुजलाय! या लवकर!" तिची किंकाळी त्या लोंबकळत्या फोनातून पलीकडे पोचली असणार. ती तशीच ऑपरेशनच्या खोलीकडे धावली. टाके कापायची कात्री तिथे होती. आमच्या खोलीत, जिथे ती लागणार होती, तिथे नव्हती.

आणि आता माझा आकडा घसरला. नव्वदच्या खाली, मग ऐंशीच्याही खाली. मी जिवाच्या आकांतानं ओरडत होतो आणि बटण दाबायलासुद्धा जवळ कोणी नव्हतं. बाकीचे तिघे पेशंट भुलीच्या गुंगीत. मग दार धाडकन उघडलं. बाईंचे यजमान परवानगी-बिरवानगी न विचारता आत घुसले आणि त्यांनी बायकोचा हात घट्ट धरला.

"अगं, बघ माझ्याकडे. मी आहे इथे. श्वास घे... घे ना गं!"

बाईंचे ओठ निळे पडत होते. त्या त्यांच्याकडे बघत होत्या, पण श्वास काही जात नव्हता.

पलीकडच्या ऑपरेशनच्या खोलीतून सर्जन मॅडमचा आवाज आला. दुसऱ्या पेशंटचं पोट उघडलेलं, त्यांना हात काढता येत नव्हता. "तिथेच काप टाके! माझी वाट बघू नकोस!" मॅडम हे फोनवाल्या डॉक्टरांना ओरडून सांगत होत्या. ते जिना चढून धापा टाकत येत होते. सिस्टरनं दारातच त्यांच्या हातात कात्री दिली.  त्यांनी कातडीचे टाके कापले, मग आतले कापले आणि बोट घालून साठलेल्या रक्ताच्या काळ्या गुठळ्या बाहेर काढल्या. बाईंनी श्वास घेतला. असा आवाज करत घेतला, की माझा ठणाणासुद्धा त्यात बुडाला.

मला त्या क्षणी रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

बाईंना पुन्हा ऑपरेशनच्या खोलीत नेऊन ती शीर बांधली. संध्याकाळी सर्जन मॅडम यजमानांना म्हणाल्या, "रक्तस्राव कधी कधी होतो, त्यावर इलाज आहे. पण तो ओळखायला आम्ही उशीर केला. तो आमचा दोष."

ते नखांतला रंग कोरू लागले. मग म्हणाले, "तिचा आवाज?"

"येईल. थोडा धीर धरावा लागेल."

पुढच्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना याच खोलीत, याच खाटेभोवती जमवलं. मला वाटलं, आता कोणाची तरी खरडपट्टी निघणार. फोनवाल्या डॉक्टरांचा चेहरा रात्रभर न झोपल्यासारखा होता. ते आपणहून बोलले, "मी आकडा विचारला. बाई कशा आहेत, हे विचारलंच नाही."

"मीही आकडाच सांगितला," सिस्टर म्हणाली.

"आणि कात्री उशाशी का नव्हती, ते मला विचारा," मॅडम म्हणाल्या. "उद्यापासून गळ्याचं ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाच्या खाटेला टाके उघडायचं पाकीट बांधलेलं हवं. इथून फोन आला तर पहिला प्रश्न, पेशंट कसा दिसतोय आणि काय म्हणतोय. आकडा सगळ्यात शेवटी. मॉनिटर गप्प करायचा असेल तर आधी पेशंटच्या अंगाला हात लावायचा. आणि या खोलीत दुसरी सिस्टर मिळेपर्यंत मी रोज वर जाऊन डोकं खाणार आहे."

त्यांनी खरंच खाल्लं. दुसरी सिस्टर आली. मला मात्र हा अपमान वाटला. सगळ्यात शेवटी म्हणजे काय! आजवर ज्याच्याकडे आधी बघायचे, त्याला असं पंगतीच्या टोकाला बसवायचं?

मग बाईंच्या काढलेल्या गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट आला. गाठ चांगली नव्हती. उरलेली अर्धी ग्रंथीही काढायची होती.

"दुसरीकडे जाऊ या," यजमान म्हणाले होते म्हणे. बाईंचा आवाज तेव्हा जेमतेम परतला होता. त्या म्हणाल्या, "इथेच. या लोकांना आता माहीत आहे." भरतीच्या दिवशी हे त्यांनीच सिस्टरला सांगितलं, आणि सिस्टर त्यांच्या हातातली सलाइनची सुई पुन्हा पुन्हा तपासत राहिली.

दुसरं ऑपरेशन झालं. बाई पुन्हा माझ्याच खाटेवर आल्या. तीच पांढरी पट्टी, तोच मास्क. या वेळी यजमान आत, खुर्चीवर होते. मी आकडा दाखवला, अठ्ठ्याण्णव, आणि डोळ्यांत तेल घालून बसलो.

थोड्या वेळानं बाईंचा हात गळ्याकडे गेला. "सिस्टर... आवळतंय."

यजमान ताडकन उभे राहिले. सिस्टरनं बाईंच्या कपाळाला हात लावला, त्यांना बोलतं केलं, आवाज ऐकला. दुसऱ्या सिस्टरनं फोन लावला. पलीकडून काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. ती एवढंच म्हणाली, "गळा आवळतोय म्हणतात. घाबरलेल्या दिसतायत." फोन ठेवेपर्यंत जिन्यावर पावलं वाजली. फोनवाले डॉक्टर आत आले ते सरळ बाईंपाशी. पट्टी उघडली, बोटांनी गळा चाचपला, कान जवळ नेऊन श्वास ऐकला. उशाचं पाकीट सिस्टरच्या हातात तयार होतं.

गळा मऊ होता. सूज नव्हती. चिकटपट्टी जरा करकचून लागली होती, इतकंच.

डॉक्टरांनी ती सैल करून पुन्हा लावली. बाई ओशाळल्या. "उगाच पळवलं तुम्हाला."

"उगाच पळायला मिळालं, तर त्यासारखं सुख नाही, बाई," डॉक्टर म्हणाले आणि खाटेच्या कडेवरच टेकून दम घेऊ लागले. यजमानांनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला धरला.

या सगळ्या धावपळीत माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

आता माझा पडदा अंधुक झालाय, वायर दोनदा बदलून झाली. लवकरच माझ्या जागी नवा येणार आहे, माझ्याहून मोठा, रंगीत, देखणा. त्याच्याकडे बघावंसं वाटेल तुम्हाला. जरूर बघा, तोही खरंच बोलेल. पण तुमचं माणूस खाटेवर पडल्या पडल्या म्हणालं, की मला बरं वाटत नाहीये, तर आधी त्याच्याकडे वळा. त्याचा हात हातात घ्या. आम्हाला कळेपर्यंत थांबू नका.