पट्टी सोडायची नाही

घाईकाका म्हणजे घाईकाकाच! जन्मभर अॅम्ब्युलन्स चालवली, त्यामुळे माणूस भाजीसुद्धा सायरन लावल्यासारखा आणायचा. काकू म्हणायची, "जरा दमानं, भाजी काय शेवटचे श्वास मोजतेय?" आणि मग तीच गेली. बसल्या बसल्या, काकांना गाडी काढायलाही वेळ न देता.

तेव्हापासून घर खायला उठायचं. कुलूप काढून आत शिरताना काका मुद्दाम खोकायचे, आपण आलोय हे कळावं म्हणून. आता कुणाला कळणार होतं?

त्यात दारातला काकूचा गुलाब वाळायला लागला. पार मुळं कुजली. शेजारी शिवणकाम करणारी वहिनी म्हणाली, "भाऊजी, झाड गेलं, पण फांदीवरचे डोळे, जिथून कोंब फुटतो ते, जिवंत आहेत. जंगली गुलाबाच्या खोडात खाच पाडून त्यात बसवा, वर पट्टी बांधा. काकू असंच करायची. फक्त पट्टी सोडायची नाही."

काकांनी जंगली गुलाबाच्या कुंड्या आणल्या, डोळे बसवले, पट्ट्या बांधल्या. आणि काय? सकाळी सोडून बघ, दुपारी सोडून बघ! डोळ्याशेजारी पानाचा एवढासा देठ ठेवलेला असतो ना, तो घट्ट चिकटलेला दिसला की काका खूश. आत बघावं तर डोळा काळाठिक्कर. एकेक करत सगळे गेले. उरला एक. तो गेला की काकूचा गुलाब संपला.

"पेशंट आहे का तो, सारखी नाडी बघायला?" वहिनी कडाडली आणि कुंडी उचलून आपल्या मशीनजवळच्या खिडकीत ठेवून आली.

मग काका रोज तिच्याकडे. स्टुलावर बसायचे, हात मांड्यांखाली दाबून. मशीन खडखडायचं, वहिनी काज करायची, बटणं लावायची. डोळा तिथं पट्टीच्या आत, आणि काका बाहेर. अंधार पडला की उठायचे, घरी जाऊन दारात खोकायचे.

आणि एक दिवस येऊन बघतात तर देठ पिवळा पडून मातीत गळलेला!

"गेला," काका म्हणाले. कुंडी उचलली आणि निघाले फेकायला.

"अहो भाऊजी, ठेवा आधी ती खाली!" वहिनी कात्री टाकून धावली. "सुकून चिकटून बसला तर डोळा गेला. आपणहून गळला म्हणजे लागला! काकू बोटानं हलकेच टिचकी मारून बघायची, आठवत नाही?"

काकांना काय आठवणार? तेव्हा ते कायम घाईत होते.

"मग सोडू पट्टी?"

"भाऊजी!"

"बरं, बरं. नाही सोडत."

कुंडी छातीशी धरून ते घरी आले, आणि अगदी सावकाश हं, बाळ आणल्यासारखे. दाराशी आले, पण त्या दिवशी खोकले नाहीत. सरळ आत गेले आणि मोठ्यांदा म्हणाले, "लागला गं!"

आतून कुणी म्हणालं नाही, "ओरडू नका, बहिरी नाही मी."

काकांनी खिडकी उघडली. मग कुंडी खिडकीत ठेवली, खुर्ची ओढली आणि पट्टीला हात न लावता तिच्याजवळ बसून राहिले.