रविवारी उघडं दुकान

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. कोल्हापुरात अण्णाप्पांच्या भांड्यांच्या दुकानामागच्या खोलीत मी राहतो. मला आणलं ते बिलं छापायला. पण माझ्या आयुष्याचं सोनं केलं अण्णाप्पांच्या लेकीने, त्रिशलाने.

त्रिशला गणितात एम.एस्सी. करत होती. दोन खेळाडूंच्या खेळात समतोल कुठे आहे, हे शोधणारा प्रोग्राम तिने माझ्यावर लिहिला. समतोल म्हणजे अशी जागा, जिथून एकट्याने चाल बदलली तर बदलणाऱ्याला काहीच फायदा होत नाही. तिने दोघांच्या चाली आणि नफा-तोटा भरायचा, मी चालींची एकेक जोडी तपासायची. मोठं कोष्टक आलं की माझा पंखा घरघरायचा. सरांनी तिचं कौतुक केलं, त्या दिवशी तिने माझ्यावरची धूळ स्वतःच्या ओढणीने पुसली.

रस्त्यापलीकडे तिच्या काकांचं, आदगोंडांचं दुकान होतं. तेही भांड्यांचंच. वाटणीपासून दोघा भावांत अबोला होता. पूर्वी रविवारी दोघे दुकान बंद ठेवून हातकणंगल्याला मळ्यावर जायचे. वाटणीनंतर एका रविवारी एकाने शटर उघडलं, पुढच्या रविवारी दुसऱ्यानेही. तेव्हापासून सुट्टी कुणालाच नव्हती. काकांच्या छातीत दुखायचं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, पण समोरचं दुकान उघडं असताना ते कुठले थांबतात!

शेवटी त्रिशलाने हाच खेळ माझ्यात भरला. खेळाडू दोन भाऊ. चाली दोन: रविवारी दुकान उघडं किंवा बंद. मी क्षणात उत्तर दिलं: दोघांचंही उघडं.

अण्णाप्पा पडद्याकडे बघून म्हणाले, "बघ, तुझं यंत्रबी तेच सांगतंय की! मी बंद ठिवलं तर गिऱ्हाईक त्याच्याकडं जाणार."

"एकट्यानं बंद ठेवलं तर, बाबा. दोघांनी ठेवलं तर विक्री तेवढीच, आणि वर सुट्टी. तुम्ही काकांशी बोला की. त्यांची तब्येत बरी न्हाय."

"त्यो धाकटा हाय. आधी त्यानं यायचं."

त्रिशला काकांकडे जाऊन आली. आल्यावर खुर्चीत मटकन बसली. "काका म्हणतात, तुझा बाप आधी बंद ठेवू दे, मग मी ठेवतो."

अण्णाप्पा गल्ल्यावर जाऊन बसले.

दिवाळीआधीच्या रविवारी फळीवरची कळशी काढताना काका कोसळले. आरडाओरडा ऐकून अण्णाप्पा अनवाणीच धावले. पण काका गेले. संध्याकाळी अण्णाप्पा दवाखान्यातून परतले ते थेट मागच्या खोलीत येऊन बसले.

"मला बघून हात उचलला त्यानं," ते त्रिशलाला म्हणाले. "कायतरी म्हणायचं हुतं त्याला. काय ते कळलंच न्हाय गं."

त्रिशलाने त्यांचं डोकं पोटाशी धरलं. त्यानंतर ती माझ्यासमोर फारशी बसली नाही. आता ती पुण्याला नोकरी करते. माझ्यावर जुनं धोतर टाकलेलं आहे. रविवारी अण्णाप्पा दुकान उघडत नाहीत. मागच्या खोलीत एकटेच बसून राहतात.

मित्रांनो, माझं उत्तर चुकलं नव्हतं. एकट्याने चाल बदलून काय मिळेल, एवढंच मला विचारलं होतं. दोघांनी समोरासमोर बसून ठरवायचं कसं, हे माझ्यासारख्या यंत्राला येत नाही, तुम्हाला येतं. मला कुणी पुसत नाही, झाकून ठेवलंय, तरी माझी काही तक्रार नाही. पण कुणाशी अबोला असेल, तर पहिलं कोण हा हिशेब करत बसू नका. माणूस आहे तोवर जा.