हिरवा टोप निळा झाला तेव्हा

मी एक जुना लोखंडी टोप आहे, मित्रांनो. पण कोणाच्या बाजूचा, ते मात्र विचारू नका. तिथंच माझं घोडं अडलंय.

कारखान्यात पत्रा ठोकून मला घडवलं, हिरवा रंग दिला. १९४७ साली कामठ्याच्या केशोराव साहेबांच्या डोक्यावर बसून मी डोंगरातल्या लढाईवर गेलो. तेव्हा सगळं सरळ होतं. समोरचा तो शत्रू, शेजारचा तो आपला. साहेब पुढे जनरल झाले, शिपाई मलाही घासूनपुसून ठेवू लागले. काय रुबाब होता माझा!

मग एके दिवशी मला निळा रंग फासला. साहेबांना परदेशातल्या वाळवंटात निळ्या टोपांच्या शांतिसेनेचे प्रमुख म्हणून नेमलं होतं. इकडे एक फौज, तिकडे दुसरी, आम्ही मधोमध. वर हुकूम काय, तर आपण होऊन गोळी झाडायची नाही! अरे, मग आम्ही आलो कशाला? दोन्हीकडचे आम्हाला शिव्या घालत आणि साहेब दोघांनाही चहा पाजत. मी पार चक्रावून गेलो.

१९५९ साली साहेब निवृत्त होऊन गावी आले. त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई माझ्यात कांदे ठेवू लागल्या. हिरवा काय नि निळा काय, कांद्याला सारखंच.

त्या वर्षी पावसाने शेवटी-शेवटी दगा दिला. धान निसवायला, म्हणजे लोंब्या धरायला, आलेलं आणि बोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, एकाच पाळीचं पाणी उरलेलं. गावचा रिवाज असा, की आधी खालच्या बांधीला, म्हणजे खालच्या धानाच्या शेताला, पाणी, मग वरच्या. खालची बांधी चैतरामची. वरची दुधरामची, आणि दुधराम म्हणजे साहेबांचे सख्खे थोरले भाऊ. भाऊ जनरल आहे, आपल्याला कोण अडवतो, असं समजून ते पाणी आपल्याकडे वळवायला निघाले. चैतरामही काठी घेऊन धावला.

साहेबांनी कांदे ओतले, मला डोक्यावर चढवलं. मी म्हटलं, चला, आता तरी सरळ झालं! आपला भाऊ, आपली बाजू. पण छे! साहेब रिकाम्या हातांनी दोघांच्या मधे जाऊन उभे.

"काऊन मधात येऊन राहिला? तू माहा भाऊ आहेस का त्याचा?" दुधराम ओरडले.

"भाऊ तुझाच आहो गा दादा. पण पाळी त्याची आहे."

दुधरामांनी चैतरामवर काठी उगारली. साहेब आडवे आले. ठण्ण! साऱ्या लढाईत मला ओरखडा नव्हता, आणि पोचा पडला तो घरच्या काठीने.

दुधरामांच्या हातून काठी गळाली. "लागला का गा, केसो?" त्यांना रडूच आलं.

चैतरामने पाणी घेतलं, पण अर्धं झाल्यावर दुपारीच आपल्या हाताने ते दुधरामच्या बांधीकडे वळवलं. "दोघायचाही अर्धा-अर्धा पिकन," एवढंच बोलला.

सुलोचनाबाईंना वाटतं, लोहाराकडून पोचा काढून घ्यावा. मित्रांनो, मला घासा, पुसा, हवं तर कांदे ठेवा. पण हा पोचा तेवढा राहू द्या. मी कोणाच्या बाजूचा, ते मला अजून कळलेलं नाही. पण दुधराम घरी आले की आधी या पोच्यावरून बोट फिरवतात, आणि मगच भावाशेजारी चहाला बसतात.